मधल्या चित्रपटाची बाजू

सत्यजित राय यांच्या, अपू नावाच्या मुलावरच्या तीन चित्रपटांपैकी सरस कोणता, हा वाद मराठी सिनेरसिकांत अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच त्या वाटांनी जातो. एकीकडे ‘पथेर पांचाली’वाले असतात. त्यांच्या लेखी भारतीय चित्रपटाची खरी सुरुवात 1955 साली झाली आणि पुढचं सगळं त्या पहिल्या चमत्काराचं शेपूट. दुसरीकडे ‘अपूर संसार’वाले. सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या त्या भाड्याच्या खोलीतल्या संसारावर ते एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. दोघांच्या भांडणाला कंटाळलेला कुणी तिसरा मग म्हणतो, ‘अहो, तिन्ही मिळून एकच कलाकृती आहे, तुलना कसली करता?’ या गदारोळात 1956 च्या ‘अपराजितो’चं नाव निघतं ते पहिल्याकडून तिसऱ्याकडे नेणारा दुवा म्हणून. त्याची बाजू घेऊन भांडणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

ती बाजू मी इथे घेतो आहे. ‘अपराजितो’ हा तिघांत सर्वांत मोठा चित्रपट आहे आणि उरलेल्या दोघांचा खरा अर्थ त्याच्यामुळेच लागतो, असं माझं ठाम मत आहे. वाद फसतो तो मोजमापामुळे. कोणत्या चित्रपटात जास्त रडू आलं आणि कोणत्यातली दृश्यं डोळ्यांपुढून हलत नाहीत, या दोन कसोट्या लावल्या तर मधला चित्रपट मागे पडणारच. पण ही गोष्ट एका मुलाच्या मोठं होण्याची आहे. मग मोठं होणं म्हणजे नेमकं काय आणि त्याची किंमत कोण चुकवतं, हे तिघांपैकी कोणी सर्वांत धीटपणे दाखवलं, हे विचारायला नको का?

आधी तुलनाच नको म्हणणाऱ्यांचं पाहू. त्यांच्या म्हणण्यात आदर आहे, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. राय यांनी तीन चित्रपटांची आखणी करून पहिला हाती घेतला नव्हता. ‘पथेर पांचाली’ चालला म्हणून ‘अपराजितो’ झाला. ‘अपराजितो’ बंगालमध्ये चालला नाही, तेव्हा राय अपूला सोडून ‘पारस पाथर’ आणि ‘जलसाघर’कडे वळले. मधल्या काळात, 1957 साली, व्हेनिसच्या महोत्सवात ‘अपराजितो’ला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अपूची तीन चित्रपटांची मालिका होणार का, हे त्यांना तिथे विचारलं गेलं आणि तिसऱ्याचा विचार तेव्हाच पक्का झाला. ‘अपूर संसार’ आला 1959 मध्ये. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या अपूवरच्या कादंबऱ्या दोनच आहेत, ‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजित’, आणि राय यांनी त्यांचे सांधे आपल्या हिशेबाने तोडून जोडले. पहिल्या कादंबरीचं शेपूट आणि दुसरीचं डोकं मिळून मधला चित्रपट तयार झाला. म्हणजे प्रत्येक चित्रपट हा वेगळा निर्णय होता, वेगळ्या वर्षी, वेगळ्या परिस्थितीत घेतलेला. वेगळ्या निर्णयांची तुलना करायला काही हरकत नसावी.

आता ‘पथेर पांचाली’. त्याची थोरवी मी नाकारत नाही. बोडाल गावातलं ते पडकं घर, सारवलेलं अंगण, बांबूचं बन, तळ्याच्या पाण्यावर चालणारे किडे, मिठाईवाल्याच्या मागे निघालेली दोन पोरं आणि त्यांच्या मागे निघालेलं कुत्रं... हे जग इतकं भरीव आहे की आपण ते पाहत नाही, त्यात राहून येतो. चुनीबाला देवींनी उभी केलेली इंदिर ठाकरूण, अपूच्या घरातली म्हातारी आत्या, ही तर जगाच्या चित्रपटात एकमेव असावी. ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, रंगभूमीवरून कधीच निवृत्त झालेली ती बाई भाताचा घास तोंडात घालते तेव्हा तिच्या भुकेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. अपूची बहीण दुर्गा गेल्यावर बाप हरिहर परततो, मुलीसाठी आणलेली साडी आईच्या, सर्वजयेच्या हातात देतो आणि तिच्या हंबरड्याच्या जागी आपल्याला तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर ऐकू येतो. त्या क्षणाला तोड नाही, हेही कबूल.

पण पहिल्या चित्रपटाची बाजू मांडताना त्याच्या निर्मितीची कथाही गुणांच्या खात्यात धरली जाते, ते मात्र मला पटत नाही. गहाण पडलेले दागिने, काशफुलांचं अर्धं राहिलेलं चित्रण आणि पुढच्या आठवड्यात जाऊन पाहतात तो गुरांनी फस्त केलेलं कुरण, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने उचललेला खर्च, रविशंकरांनी एका रात्रीत दिलेलं संगीत. या गोष्टी ऐकायला सुरेख आहेत आणि त्यांतून राय यांची जिद्द दिसते. चित्रपटाचा कस मात्र पडद्यावरच लागायला हवा. तिथे पाहिलं तर लक्षात येतं की ‘पथेर पांचाली’ हा अपूचा चित्रपट फारसा नाहीच. तो दुर्गेचा आहे, इंदिरचा आहे आणि सर्वांत जास्त सर्वजयेचा आहे. अपू आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो पांघरुणाच्या भोकातून उघडलेला एक डोळा म्हणून, आणि शेवटपर्यंत तो मुख्यतः डोळाच राहतो. तो पाहतो. सर्वकाही त्याच्या भोवती घडतं. त्याने स्वतः केलेली एकच मोठी कृती आहे: बहिणीने चोरलेली माळ तिच्या माघारी सापडते, ती तो तळ्यात फेकतो आणि शेवाळ पुन्हा मिटतं. तिथे त्याचं मोठं होणं सुरू होतं आणि तिथेच चित्रपट संपत येतो.

शिवाय ‘पथेर पांचाली’तला एक हिशेब त्या चित्रपटात पुरा होत नाही. इंदिरला घराबाहेर काढणारी सर्वजया असते. म्हातारी आजारी होऊन परत येते, पाणी मागते, पाणी मिळतं पण आसरा मिळत नाही, आणि ती बांबूच्या बनात जाऊन मरते. पहिला चित्रपट सर्वजयेला यासाठी दोषी धरत नाही. दारिद्र्यात माणूस कठोर होतो, एवढं दाखवून तो पुढे जातो. पण याच सर्वजयेला ‘अपराजितो’च्या शेवटी पाहा. परक्या गावातलं घर, अंगात ताप, झाडाखाली टेकून दूरवरून जाणाऱ्या गाडीकडे डोळे लावून बसलेली. आता ती इंदिरच्या जागी आहे. कुणी तिला हाकललेलं नाही, उलट शेजारीण काळजीने मुलाला पत्र लिहायला बघते आणि सर्वजयाच तिला अडवते, त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. पहिल्या चित्रपटातलं इंदिरचं मरण या दृश्यापर्यंत येऊन पोहोचतं. दोन चित्रपटांतला हा धागा हातात धरला नाही तर सर्वजया फक्त सोशिक माऊली उरते, आणि ती तशी नाही, म्हणूनच ती मोठी आहे.

‘अपूर संसार’चे पुरस्कर्ते अधिक चलाख युक्तिवाद करतात. त्यांचं म्हणणं असं, की खरी प्रौढता तिसऱ्यातच आहे. बायकोचं मरण, मुलाचा त्याग, स्वतःच्या हातून कादंबरीचं हस्तलिखित डोंगरावरून सोडून देणं आणि शेवटी बापपण स्वीकारणं, एवढा प्रवास आणखी कुठे आहे? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो चित्रपट फार देखणा आहे. लग्नानंतर अपर्णा पहिल्यांदा त्या खोलीत येते, खिडकीशी उभी राहून रडते आणि फाटक्या पडद्याच्या भोकातून तिला खाली खेळणारं मूल दिसतं. सकाळी उशीखाली अपूला तिचा आकडा सापडतो. सिगारेटच्या पाकिटात तिने लिहून ठेवलेली चिठ्ठी असते, जेवणानंतर एकच, शब्द दिला आहे ना, अशा अर्थाची. नवराबायकोतली जवळीक एवढ्या कमी सामानात दुसऱ्या कुणी उभी केलेली मला आठवत नाही.

तरीही ‘अपूर संसार’ची घडण नीट पाहिली तर त्यात दैवाचा हात फार मोठा आहे. नवरामुलगा ऐन लग्नात वेडा निघतो, म्हणून पाहुणा म्हणून आलेला अपू बोहल्यावर उभा राहतो. बाळंतपणात अपर्णा जाते. दोन्ही घटना बाहेरून येऊन आदळतात. अपूच्या स्वभावातून त्या उगवलेल्या नाहीत. त्याच्या स्वभावातून उगवलेली गोष्ट एकच, मुलाकडे, काजलकडे, वर्षानुवर्षं फिरकायचंही नाही हा निर्णय, आणि ती तशी भयंकर आहे. आईशी तो जे वागला त्याहून कितीतरी वाईट. तरी प्रेक्षक ‘अपराजितो’तल्या अपूवर चिडतात आणि ‘अपूर संसार’मधल्या अपूला माफ करतात. का? कारण शेवटी काजल धावत येतो, कोण आहेस म्हणून विचारतो, अपू मित्र असल्याचं सांगतो आणि पोराला खांद्यावर घेऊन निघतो. चूक दुरुस्त होते. चित्रपट आपल्याला हलकं करून घरी पाठवतो. याला मी उणेपणा म्हणत नाही, पण कोणती परीक्षा अवघड आहे? जिथे समोरचा जिवंत आहे आणि माफ करू शकतो ती, की जिथे माफी द्यायला कुणी उरलेलंच नाही ती?

‘अपराजितो’ ही दुसरी परीक्षा घेतो. पहिल्या भागात काशीतलं त्यांचं बिऱ्हाड आहे. घाटावर हरिहर पुराण सांगतो, अपू गल्ल्यांमधून हुंदडतो, सर्वजया अंधाऱ्या घरात चूल सांभाळते. हे अंगण स्टुडिओत बांधलेलं होतं, ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्याचा चित्रपटाच्या आशयाशी संबंध आहे. काशीच्या जुन्या वाड्यांत उजेड वरून, चौकातून, गाळून आल्यासारखा येतो आणि त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतल्या दिव्यांनी हे साधत नाही, कारण प्रत्येक दिवा आपली सावली पाडतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परतलेला उजेड आकाशाच्या उजेडासारखा मऊ पडला. त्या उजेडात सर्वजयेचा चेहरा काहीच लपवू शकत नाही. हरिहर तापाने आजारी असताना वरच्या मजल्यावरचा भाडेकरू स्वयंपाकघराच्या दाराशी येतो आणि ती विळी उचलते, तेव्हा आपण नाट्य पाहत नसतो, एका बाईला शेजारून पाहत असतो.

हरिहर जातो त्या पहाटेचं दृश्य सर्वांना पाठ आहे: तोंडात गंगाजल पडतं, मान कलते, आणि घाटावरच्या कबुतरांचा थवा एकदम आकाशात उठतो. ते थोर आहेच. पण मला चित्रपटाचा गाभा त्यानंतरच्या न गाजलेल्या प्रसंगांत दिसतो. सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकाला राहते. तिथे आपला मुलगा मालकाचं हरकाम करताना ती पाहते आणि काही न बोलता ठरवते की हे नको. ती त्याला घेऊन भवतारण काकांच्या गावी जाते, जिथे भटपणाचा परंपरेचा धंदा त्याच्या हाती पडेल. म्हणजे नोकरपणातून मुलाला सोडवणारी तीच आहे. पोरगं सकाळी पूजा सांगतं आणि दुपारी शाळेकडे पाहतं. शेवटी तो शाळेत जाण्याचा हट्ट धरतो आणि ती कबूल होते. मुख्याध्यापक त्याला पुस्तकं देतात, आणि पोर अंगाला रंग फासून, हातात भाला घेऊन ‘आफ्रिका’ म्हणून ओरडत शेतातून पळतं. ही त्याची दुसरी धाव. पहिल्या चित्रपटात तो आगगाडी पाहायला काशफुलांतून धावला होता तेव्हा पुढे दुर्गा होती. आता तो एकटा आहे, आणि जे पाहायला धावतो ते समोर नाही, पुस्तकात आहे.

मग शिष्यवृत्ती, आणि कोलकात्याला जाण्याचा विषय. सर्वजया त्याला थोबाडीत मारते. थोड्या वेळाने तीच त्याला समजावून घरात आणते आणि साठवलेले पैसे काढून देते. ही दोन टोकं एका संध्याकाळीत येतात आणि दोन्ही खरी आहेत. पोर पृथ्वीचा गोल हातात घेऊन निघतं. छापखान्यात रात्री काम, दिवसा कॉलेज, वर्गात डुलक्या. सुट्टीत घरी येतो तेव्हा रात्री अंथरुणाशी आई बोलत राहते. तू मिळवता झालास की मला तुझ्याकडे नेशील का, मी आजारी पडले तर तू शिक्षण सोडून मला सांभाळशील का, असं विचारते. उत्तर येत नाही. तो झोपून गेलेला असतो. हा प्रसंग क्रूर असता, जर त्याने ऐकून झोपेचं सोंग केलं असतं. राय यांनी त्याला खरोखर झोपवलं आहे. दमलेलं, वाढत्या वयाचं पोर आहे ते. त्याचा दोष काय? आणि तिचा तरी प्रश्न चुकीचा होता का?

निघायच्या दिवशी ती त्याला वेळेवर उठवत नाही. तो वैतागून स्टेशनवर जातो, गाडी येते, तो तिच्याकडे पाहतो आणि परत फिरतो. घरी येऊन सांगतो, गाडी चुकली. या एका खोट्यात त्याचं आईवरचं सगळं प्रेम आहे. पुढे मात्र सुट्टीत घरी जाणं टळतं, आणि मनीऑर्डरने थोडे पैसे धाडले की झालं, असं तो मित्राला म्हणतो. त्या गाडी चुकवलेल्या दिवसामुळेच हे वाक्य बोचतं. वाईट मुलाने असं म्हटलं असतं तर आपण त्याला नावं ठेवून मोकळे झालो असतो.

हेच बंगालच्या प्रेक्षकाला सहन झालं नाही. आईच्या मायेचा फास वाटणारा आणि तिच्या मरणानंतर गाव सोडून निघणारा मुलगा लोकांना नकोसा झाला, असं राय स्वतः सांगत. खरं तर विभूतिभूषण याहून पुढे गेले होते. आई गेल्याची बातमी कळल्यावर अपूच्या मनात आधी सुटकेसारखी भावना येते आणि मग तो स्वतःलाच घाबरतो, असं त्यांनी कादंबरीत लिहिलं आहे. याच जागेने राय या कादंबरीकडे ओढले गेले. 1957 सालीच ‘मदर इंडिया’ही पडद्यावर आला. त्यात आई पोटच्या पोराला गोळी घालते, आणि देशाने तिला डोक्यावर घेतलं. मुलाने आईला गाव सोडून जाण्याचं दुःख द्यावं हे चालत नाही, पण आईने मुलाचा जीव घ्यावा हे चालतं, असा हा हिशेब झाला. पडद्यावरच्या आईकडून आपल्याला काय हवं असतं, ते यात उघड होतं. ती सर्वांहून उंच असावी, तिचं मागणं धर्माचं असावं, आणि मुलाच्या वाढण्याशी तिचं भांडण नसावं. ‘अपराजितो’तली आई घरातल्या कुठल्याही आईएवढीच आहे. ती मुलाला जवळ ठेवू बघते, त्यासाठी एकदा लबाडीही करते, आणि त्याच वेळी त्याला पुढेही ढकलते.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर सर्वांत सोपं जायला हवं. 1954 साली देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला, आणि 1955 च्या चित्रपटांतून तेच पदक ‘पथेर पांचाली’ला गेलं. दोन वर्षांच्या अंतराने देशाने या दोन आयांना मान दिला. साने गुरुजींचा श्यामही शिकायला दूर असतो, आणि तोही आई गेल्यावरच घरी पोहोचतो. प्रसंग जवळपास एकच आहे. पण श्याम ती गोष्ट सांगतो भक्ताच्या आवाजात. आईने जे दिलं ते मोजताना त्याचा कंठ दाटतो आणि ऐकणाऱ्याचेही डोळे भरतात. आई आणि शिक्षण यांच्यात निवड करावी लागली, ही गोष्ट त्या भक्तीत विरघळून जाते. मी ‘श्यामची आई’ कमी लेखत नाही. त्या पुस्तकाने कित्येक पिढ्यांना आईकडे पाहायला शिकवलं. पण आईकडून निघून जाणाऱ्याकडे कसं पाहायचं, हे ते शिकवत नाही. ‘अपराजितो’ तेवढंच शिकवतो.

आणि निघून जाणारे आपल्याकडे काय थोडे होते? पुण्यात वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी पोरं होती. कोकणातली घरं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात अठरापगड जातींची मुलं एका पंगतीत बसवली, तीही कुठल्या ना कुठल्या खेड्यातून आई मागे ठेवूनच आलेली. आपण त्यांच्या जिद्दीच्या कहाण्या सांगतो, पुतळे उभारतो. मागे राहिलेल्या बाईंची हकिकत मात्र सत्कारसमारंभाच्या एका वाक्यात आटोपते: आईच्या कष्टांमुळे मी इथपर्यंत पोहोचलो. सर्वजयेपाशी नुसते कष्ट नव्हते. तिला कंटाळा होता, एकटेपण होतं, रागही होता. ते एका वाक्यात मावत नाही म्हणून चित्रपट लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. अपू ब्राह्मणाचा मुलगा आहे. त्याच्या घरात दाणा नसेल, पण दहा वर्षांच्या पोराला गाव पुजारी म्हणून मान देतं, आणि शाळेचं दार त्याच्यासाठी बंद नसतं. मराठी दलित आत्मकथनांतल्या मुलांना वर्गाबाहेर बसावं लागलं, त्यांच्या आयांना पाणवठ्यावर थांबावं लागलं. त्या वाटेपुढे अपूची वाट सोपीच म्हणायची. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि या त्रयीला ‘भारतीय बालपणाची कहाणी’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनीही ते मान्य करावं. पण यातून ‘अपराजितो’ची धार बोथट होत नाही, वाढते. अपूला हातात आयतं मिळालेलं जातीचं काम होतं, घर होतं, आईची सोबत होती. पोटासाठी त्याला जाण्याची सक्ती नव्हती. तो जातो ते केवळ जग पाहायची ओढ आहे म्हणून. सक्तीने गेलेल्याला आपण सहज समजून घेतो. ओढीने गेलेल्याला समजून घेणं अवघड असतं, आणि चित्रपटाने अवघड तेच निवडलं.

उरला रचनेचा आक्षेप. ‘अपराजितो’ तुटक आहे, म्हणतात. लहान अपू आणि मोठा अपू वेगळे नट, काशी एक चित्रपट आणि कोलकाता दुसरा, आणि शहराची ओढ नीट पटतच नाही. कादंबरीत अपूच्या आयुष्यात लीला नावाची मुलगी आहे. चित्रपटासाठी योग्य नटी न मिळाल्याने ते पात्र गाळावं लागलं आणि राय यांनाही ती उणीव खुपत राहिली. दिग्दर्शकालाच जे खटकतं त्याची बाजू मी कशी घेणार? घेतो, कारण मला वाटतं की लीला नसल्याने चित्रपट वाचला. ती असती तर आईविरुद्ध प्रेयसी असा आपला जुना ओळखीचा मामला झाला असता. दोष कुणावर टाकायचा हे प्रेक्षकाला तयार मिळालं असतं: पोरीने पोराला नादी लावलं. आता दोष टाकायला कुणी नाही. शहरात आहे काय, तर एक खोली, विजेचा दिवा, छापखान्याचा खडखडाट आणि अर्धी झोप. एवढ्याशा गोष्टींसाठी माणूस आईपासून दूर राहू शकतो, हे भयंकर आहे, आणि आपण सगळे जाणतो की खरं आहे. तुटकपणाचंही तसंच. गाव आणि घर दर दोन-चार वर्षांनी बदललेल्या मुलाचं आयुष्य सलग दिसेल कसं?

आणि शेवटचा प्रसंग, ज्यावरून अपूला स्वार्थी ठरवलं जातं. शेजारणीचं पत्र मिळून तो येतो तोवर आई गेलेली असते. तो झाडाखाली बसून रडतो. भवतारण त्याला तिथेच राहून क्रियाकर्म करायला आणि पूजा सांभाळायला सांगतात. तो म्हणतो, ते मी कोलकात्यात कालीघाटला करीन, आणि वळकटी उचलून परीक्षेसाठी निघतो. निर्दय? त्या रस्त्यावर तो थांबला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. आईने थोबाडीत मारून झाल्यावर जे पैसे काढून दिले ते कशासाठी दिले होते? शेजारणीचं पत्र तिने अडवलं ते कशासाठी? तिच्या दोन इच्छा होत्या, मुलगा जवळ असावा ही एक आणि मुलगा पुढे जावा ही दुसरी, आणि एक पुरी करताना दुसरी मोडणारच होती. जवळ असण्याची इच्छा आता कुणी पुरवू शकत नव्हतं. तो उरलेली घेऊन निघाला.

याच रस्त्यावरून ‘अपूर संसार’ सुरू होतो, असं मी मानतो. आईचं दुःख ज्याने नीट केलंच नाही, तो माणूस अपर्णेच्या मरणाची बातमी आणणाऱ्याला थप्पड मारतो, रुळांशी जाऊन उभा राहतो आणि पोटच्या पोराचं तोंडही पाहत नाही. एवढं कोसळणं एकट्या अपर्णेच्या दुःखाचं नाही. मागची बाकी व्याजासकट वसूल होते आहे. हे लक्षात आलं की काजलला खांद्यावर घेणाऱ्या अपूकडेही निराळं पाहता येतं. आपल्यालाही असंच कुणी सोडून निघून जाईल, हे ठाऊक असलेला बाप आहे तो.

म्हणून चित्रपट मंडळांना आणि महाविद्यालयांना माझं एक सांगणं आहे. तुमच्याकडे या त्रयीतला एकच चित्रपट दाखवायची सोय असते आणि दर वेळी पहिला लागतो. लंडनच्या प्रयोगशाळेला 1993 साली लागलेल्या आगीत यांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या होत्या. त्यांवर वर्षानुवर्षं मेहनत करून 2015 मध्ये तिन्ही चित्रपटांच्या नव्या, स्वच्छ प्रती लोकांपुढे आल्या, तेव्हा चांगली प्रत मिळत नाही ही सबब आता उरलेली नाही. पुढच्या वेळी सकाळी ‘श्यामची आई’ लावा, दुपारी ‘अपराजितो’ लावा, आणि मधल्या जेवणाच्या सुट्टीत नाही, तर दोन्ही पाहून झाल्यावर मुलांना बोलू द्या. घर सोडून शिकायला आलेली मुलं त्या खोलीत असतीलच. आधी त्यांना बोलायला सांगा.